दिवाणातली नागली

सगळ्याची सुरुवात मी अत्यंत चांगल्या हेतूने उच्चारलेल्या एका वाक्याने झाली. मी म्हणालो, "अर्जाचं मी बघतो, तू काळजी करू नकोस." (आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. माझ्या या वाक्यानंतरच खरी काळजी करायची असते हे प्रतिभाला पक्कं ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती दमली होती, "बघा" म्हणून गेली.)

प्रतिभा म्हणजे माझी बायको. नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. त्यामुळे घरात विज्ञान तिच्याकडे आणि शासन माझ्याकडे असं खातेवाटप पहिल्यापासून आहे. आता हा अर्ज होता विज्ञानाचा, पण करायचा होता शासनाकडे, म्हणजे दोन्ही खात्यांच्या हद्दीवरचा. योजनेचं नाव दोन ओळींचं होतं. मी ते चार वेळा वाचलं आणि दर वेळी पहिल्या ओळीचा अर्थ दुसरी ओळ संपेपर्यंत टिकेना. शेवटी तिलाच विचारलं.

"सोपं आहे हो," ती म्हणाली. "सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून मी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, एक्केचाळीस वाण गोळा केलेत ना? त्या प्रत्येकाचा डीएनए काढायचा, तो वाचायचा, आणि बियाणं आणि त्याची माहिती एका जागी नीट ठेवायची. देशातल्या कुठल्याही संशोधकाने मागितली, की द्यायची. सगळ्यांचं सामायिक."

मी सावध झालो. पिंपळगावला आमची सामायिक विहीर आहे. सामायिक म्हटलं की मला तीन चुलते, एक मोटर आणि दोन वकील एवढंच दिसतं.

"आणि भांडणं झाली तर?"

"कशावरून?"

"आधी कोणी घ्यायचं यावरून."

"अहो, माहिती आहे ती. कितीही जणांनी नेली तरी संपत नाही."

न संपणारी वस्तू सरकार एका जागी साठवायला का सांगतंय, हे मला काही उलगडलं नाही. पण सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी न उलगडलेल्या बऱ्याच गोष्टी वरिष्ठांकडे सादर केलेल्या आहेत. मी मान डोलावली.

अर्ज ऑनलाइन होता. पहिल्याच पानावर प्रश्न आला : नमुने कुठे साठवले आहेत? मी लिहिलं, 'दिवाणात, डाव्या बाजूस.' साठवणुकीचं तापमान? 'पंखा तीनवर असतो.' नमुन्यांना धोका पोहोचल्यास पर्यायी व्यवस्था? 'उजवी बाजू रिकामी आहे.'

तिन्ही उत्तरं प्रतिभाने खोडली. खरं तर त्यात असत्य काहीही नव्हतं. कॉलेजातलं एकमेव कोरडं कपाट परीक्षा विभागाने उत्तरपत्रिकांसाठी नेलं होतं, आणि परीक्षा विभागाने नेलेलं कपाट परत आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. म्हणून नागली आमच्या झोपायच्या खोलीतल्या दिवाणात, म्हणजे आत पेटी असलेल्या पलंगात, आली होती. सहा वर्षं मी एक्केचाळीस वाणांवर झोपत होतो. (मला पाठदुखी नाही. त्याचं श्रेय मी नागलीला देतो, प्रतिभा गादीला देते.)

शेवटी अर्ज तिनेच भरला. मी ओटीपी सांगायचं काम केलं, त्यातला एक चुकला.

तरीही जानेवारीच्या शेवटी मेल आला. प्राथमिक छाननीत अर्ज पास! पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दोघाजणांची समिती दिल्लीहून नमुने प्रत्यक्ष पाहायला कॉलेजात येणार. त्यांनी होकार दिला तर कपाट, यंत्रं, दोन मदतनीस असं सगळं मिळणार. नकार दिला तर नागली दिवाणातच. प्रतिभाने मेल मला तीन वेळा वाचून दाखवला. सहा वर्षं ही बाई सुट्टीच्या दिवशी एसटीने, जीपने, नाही तर पायी डोंगर चढून ओंजळ ओंजळ बी आणत होती. इतकी खूश मी तिला फार दिवसांनी बघत होतो. आपणही या कामाला काही हातभार लावावा, असं मला मनापासून वाटलं. दुर्दैवाने लावला.

त्याच आठवड्यात सोमवार ते बुधवार तिला पुण्याला प्रशिक्षण होतं. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "नमुन्यांकडे लक्ष असू द्या हं."

आता वरिष्ठ असं म्हणून दौऱ्यावर जातात, तेव्हा हाताखालच्याने फाइल नुसती बघत बसायची नसते. फाइल लावायची असते, अनुक्रमांक टाकायचे असतात, कव्हर बदलायचं असतं. मी सोमवारी ऑफिसातून आल्यावर चहा घेतला, बाह्या वर केल्या आणि गादी उचलून दिवाण उघडला.

आतलं दृश्य बघून मला कसंसंच झालं. स्टीलचे डबे. एक उंच, एक बसका. एक असा पोचे आलेला, की तो घाटातून गडगडत आला असावा. एकाचं झाकण लुगड्याच्या काठाने बांधलेलं. आणि प्रत्येकावर नावं घातलेली. म्हणजे आपल्याकडे भांड्यावर मशीनने कोरतात तशी : 'सौ. सिंधुबाई', 'नवसाबाई', 'मामाकडून सप्रेम भेट', 'चि. ललितच्या बारशानिमित्त'. एकावर नुसतंच 'हरवल्यास परत करणे'.

दिल्लीची समिती येणार आणि आपण काय दाखवणार, तर चि. ललितचं बारसं?

मी तसाच स्कूटर काढून भांडीबाजारात गेलो आणि एकसारख्या, पारदर्शक, हिरव्या झाकणाच्या एक्केचाळीस बरण्या घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, "लोणच्याचा धंदा सुरू करताय का?" मी म्हणालो, "राष्ट्रीय काम आहे." त्याने आणखी काही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी पुंजाचा फोन आला. पुंजा भोये सुरगाण्याकडचा. त्याची जीप आहे. हिवाळ्यात तिकडची स्ट्रॉबेरी घेऊन रोज नाशिकला येतो आणि प्रतिभाला पाड्यापाड्यांवर तोच फिरवतो.

"भाऊ, मॅडम हायेत का?"

"पुण्याला गेल्यात. बोल ना."

"काय नाय, बायका लय दिस झाले इचारत्यात. लग्नं आली आता, डबं लागतील. मॅडमकडं बी दिलं तव्हाचं डबं तिकडंच ऱ्हायलं. उद्या माल खाली करून जीप मोकळीच चालली, म्हून म्हणलं."

मला तर हा शुभशकुनच वाटला. एका बाजूला बरण्या आल्या, दुसऱ्या बाजूला डब्यांची मागणी आली. एवढा मेळ आमच्या ऑफिसात मार्चअखेरीलासुद्धा बसत नाही. मी म्हटलं, "सकाळी ये. सगळे डबे तयार ठेवतो."

मग कामाला लागलो. एक डबा उघडायचा, नागली बरणीत ओतायची, झाकण घट्ट लावायचं, बरणी पुसायची. नागली म्हणजे मोहरीएवढे तांबूस दाणे. कुठे जरा काळपट, कुठे जरा फिक्कट, एकच काय ती पांढरी. मला त्यात एक्केचाळीस प्रकार काही दिसेनात, पण तो माझा विषय नव्हता. चाळीस बरण्या भरल्या आणि डबे संपले.

मी पुन्हा मोजले. चाळीस. प्रतिभाच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं : एकूण नमुने एक्केचाळीस.

माझ्यासारख्या माणसाला यादी आणि वस्तू यांच्यात एकाचा फरक दिसला की जेवण जात नाही. कपाटं पाहिली, माळा पाहिला, सोफ्याखाली वाकून पाहिलं. शेवटी स्वयंपाकघरात, फडताळाच्या वरच्या फळीवर, अगदी मागे, तसाच एक स्टीलचा डबा सापडला. झाकण उघडलं. आत बारीक, गोल, तांबूस दाणे! मला इतका आनंद झाला की मी तो डबा छातीशी धरूनच बाहेर आलो. एक्केचाळीसावी बरणी भरली. यादीशी मेळ बसला.

राहिले रिकामे डबे. आता रिकामा डबा परत कसा पाठवायचा? आमच्या आईने आयुष्यात कधी शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत केली नाही. निदान साखर तरी घालायची. एक्केचाळीस घरांत नाशिकचं नाव जायला नको, म्हणून मी कोपऱ्यावरून ताजा चिवडा आणला आणि प्रत्येक डब्यात भरला. मंगळवारी सकाळी पुंजा डबे घेऊन गेला. जाताना म्हणाला, "भाऊ, तुम्ही लय इचार करता." मलाही तसंच वाटत होतं.

बुधवारी सकाळी पोह्यांना फोडणी देताना मोहरी कुठे सापडेना. मी जिऱ्यावर भागवलं. (तेव्हाच कळायला हवं होतं. पण कळण्याच्या बाबतीत मी जरा मागून येणाऱ्यांतला आहे.)

बुधवारी संध्याकाळी प्रतिभा आली. मी तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही. "डोळे मीट," म्हणालो, आणि दिवाण उघडला. हिरव्या झाकणांच्या एक्केचाळीस बरण्या, चार रांगांत दहा-दहा आणि वर एक. ट्यूबलाइटखाली चकाकत होत्या.

तिने डोळे उघडले.

"छान आहेत," ती म्हणाली. "डबे कुठे आहेत?"

"पाठवले."

"कुठे पाठवले?"

"ज्याचे त्याला. पुंजाबरोबर. रिकामे नाही हं, चिवडा घालून."

"बरं. मग बरण्यांवर नावं कुठे आहेत?"

"कसली नावं?"

"अहो, कुठल्या बरणीत कुठल्या डब्यातलं बी आहे?"

"नागली आहे ना सगळ्यांत," मी म्हणालो.

ती हळूच दिवाणाच्या कडेवर टेकली. तिने खांद्यावरची पर्सही काढली नव्हती.

मग मला समजलं ते असं. पहिल्या वर्षी तिने डब्यांत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. त्या कसरीने खाल्ल्या. मग वरून चिकटपट्ट्या लावल्या. त्या मे महिन्यात गळून पडल्या. तेव्हा तिच्या लक्षात आलं की डब्यावर घातलेलं नाव कसर खात नाही आणि उन्हाळ्यात गळतही नाही. तिच्या वहीत सगळा हिशेब त्या नावांवरच होता. 'सौ. सिंधुबाई' या डब्यातली नागली कुठल्या शेतातली, किती दिवसांत येते, कधी कोणाकडून घेतली. 'चि. ललितच्या बारशानिमित्त' हा नमुना क्रमांक सतरा. डबा हेच लेबल होतं आणि मी एक्केचाळीस लेबलांत चिवडा भरून ती सुरगाण्याला रवाना केली होती.

"अगं, मग आपण अंदाजाने नावं लावू," मी म्हणालो. "समितीला काय कळतंय? सगळी एकसारखीच तर दिसते."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

"समितीला कळणार नाही," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे मी जास्त घाबरलो. "पण उद्या बंगळुरूची कुणी मुलगी माझ्यावर विश्वास ठेवून यातली बरणी मागवेल. तिच्यावर तीन वर्षं घालवेल. ती खोट्या नावावर घालवेल. सगळ्यांसाठी म्हणून ठेवायचं असेल ना, तर ते खरं तरी हवं. नाहीतर हे नुसतं धान्य आहे. भाकरी करा."

एवढं बोलून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचा भयंकर राग आला. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, हे मी आयुष्यात अनेकदा केलंय, पण दर वेळी गणपती माझाच असायचा. या वेळी तो तिचा होता.

गुरुवारी सकाळीच मी रजा टाकली. आमच्या छोट्या गाडीत एक्केचाळीस बरण्या रचल्या, प्रतिभाने तिची जाड वही मांडीवर घेतली आणि आम्ही दिंडोरी, वणी करत घाट चढलो. ती वाटेत माझ्याशी दोनच वाक्यं बोलली. एक, "हळू." दुसरं, "बरण्या वाजतायत."

पाड्यावर पोहोचलो तर पोरंटोरं ओट्यावर बसून चिवडा खात होती. पुंजाने हाका मारून आणि आजूबाजूच्या पाड्यांवर जीप फिरवून बायका गोळा केल्या. पुढे सिंधुबाई. साठीच्या, काटक, कपाळभर कुंकू. प्रतिभाने सगळी हकिकत सांगितली. मी केलं असं न म्हणता 'घरात अदलाबदल झाली' म्हणाली. सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"भाऊनं केलं व्हय?" सिंधुबाई म्हणाल्या.

मी चिवडा कसा होता ते विचारलं.

"ब्येस व्हता. जरा खारट."

मग त्यांनी अंगणात घोंगडी टाकली. बरण्या एका बाजूला लावल्या. सिंधुबाई एकेक बरणी उघडत, चिमूटभर दाणे तळहातावर घेत, फुंकर मारत, बोटाने पसरत आणि दोन दाणे दाताखाली धरत.

"ही पांढरी. ही नवसाबाईची, दुसऱ्या कुणाकडं नाय. ही हळवी, दसऱ्याच्या आधीच कापाया येती. ही गरवी, उशिरा येनारी, धोंडीरामच्या बापाची. ही... ही राहू द्या बाजूला."

दहा-बाराच बरण्या झाल्या आणि सिंधुबाई थांबल्या.

"नुसत्या दाण्यावरून समदं नाय सांगता येत मॅडम. कणीस बघाया लागतं."

प्रतिभाने वही मिटली. म्हणाली, "मग संपलंच, सिंधुबाई. उद्या समिती येतेय. माझ्याकडचं बी गेलं म्हणायचं."

"गेलं कसं?" सिंधुबाईंना खरंच कळेना. "तुमच्याकडं व्हतं ते वानोळा व्हता, भेट म्हून दिलेला. बी हितंच हाय की. घराघरात हाय. पोरींनो, आपापलं बी आना गं, सुपात घालून."

मी आयुष्यात इतका गोंधळलेलो नाही. प्रतिभा सहा वर्षं ज्याला जपत होती, ज्यावर मी पाठ टेकत होतो, ज्यासाठी दिल्लीहून माणसं विमानाने येणार होती, ते तासाभरात सुपांतून, गाडग्यांतून आणि एका बाईच्या चक्क ओच्यातून अंगणात येऊन हजर झालं. दोन घरांतलं बी मागच्या वर्षी उंदरांनी संपवलं होतं, पण त्यांनी ते आधीच लांबच्या एका पाड्यावर कुणाला दिलेलं होतं. पुंजा जीप घेऊन तिकडून घेऊन आला. प्रतिभा वही उघडून नाव वाचायची, ती बाई सूप घेऊन पुढे यायची, सिंधुबाई सुपातले दाणे आणि बरण्यांतले दाणे शेजारी शेजारी ठेवून जोड लावायच्या. दुसऱ्या चार बायका तपासायच्या. वाद झाला तर पाचवी बोलावली जायची. आमच्या ऑफिसात एवढी कडक छाननी मी तरी पाहिलेली नाही.

एका बरणीवर मात्र सिंधुबाई आणि नवसाबाई दोघींनी हात ठेवला.

"ही माझी."

"तुझी कशी? ही माझी."

मला सामायिक विहीर आठवली. मी पुंजाला विचारलं, जवळ पोलीस चौकी कुठे आहे.

पण भांडण झालंच नाही. नवसाबाई जरा आठवून म्हणाल्या, "अगं, त्या साली माझी समदी करपली, तव्हा तूच दिली व्हती न्हवं?" सिंधुबाई म्हणाल्या, "व्हय की!" दोघी हसायला लागल्या. प्रतिभा मात्र पेन घेऊन पुढे सरसावली. "म्हणजे हे दोन नमुने एकच वाण आहेत?" अशा आणखी दोन जोड्या निघाल्या. एक्केचाळीसचे अडतीस झाले.

"अर्जात एक्केचाळीस लिहिलंय!" मी ओरडलो.

"चूक लिहिलं होतं," प्रतिभा म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसत होती. मला तर काहीच समजेना. आकडा कमी झाला आणि बाई खूश?

दुपारपर्यंत सगळ्या बरण्यांना धनी मिळाले. एक सोडून. ती घेऊन सिंधुबाई बराच वेळ बसल्या. तळहातावर घेतली, हुंगली, दाताखाली धरली आणि एकदम थू थू करत पाण्याचा तांब्या मागितला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ह्याची भाकर करून बघा बरं एकदा."

"का? कुठला वाण आहे?"

"मोहरी हाय ही."

अख्खं अंगण हसलं. हसली नाही ती एक प्रतिभा. ती माझ्याकडे बघत होती.

"फडताळातला डबा?"

"यादीत एक्केचाळीस होते ना," मी म्हणालो. "आणि दिवाणात चाळीसच."

"एक्केचाळीसावा माझ्या बॅगेत होता. पुण्याला दाखवायला नेला होता."

तेवढ्यात एक पोरगी आमचा डबा घेऊन आली. त्यावर ठळक नाव घातलेलं होतं, 'सौ. प्रतिभा'. मी तो चिवडा भरून पाठवताना डब्यावरचं स्वतःच्या बायकोचं नावही वाचलं नव्हतं. डब्यात नागलीचं पीठ होतं. रिकामा कसा द्यायचा म्हणून.

निघताना सिंधुबाई सरळ गाडीत येऊन बसल्या. "मला बी बघायचीय ती समिती," म्हणाल्या. पाच बरण्या मला मांडीवर घ्याव्या लागल्या आणि गाडी प्रतिभाने चालवली.

शुक्रवारी कॉलेजात समिती आली. एक अध्यक्षीणबाई, चष्मा नाकाच्या टोकावर, फार कमी बोलणाऱ्या, आणि एक तरुण गृहस्थ, लॅपटॉप घेऊन. टेबलावर बरण्या मांडलेल्या होत्या. आता प्रत्येकीवर चिठ्ठी, आत चिठ्ठी, झाकणावर चिठ्ठी. मी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होतो. (कशालाही हात लावायचा नाही म्हणून घडी.)

अध्यक्षीणबाईंनी हिंदीत पहिलाच प्रश्न विचारला : अर्जात एक्केचाळीस, टेबलावर अडतीस, हे कसं?

मी चटकन पंख्याकडे पाहू लागलो. प्रतिभाने मात्र सरळ खरं सांगितलं. मिसळामिसळ कशी झाली, पाड्यावर काय झालं, जोड्या कशा निघाल्या. सगळं. बाईंनी चष्म्यावरून खोलीत एक नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. कोणी बोट दाखवलेलं नसतानाही.

"या जोड्या एकच आहेत हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

"या सिंधुबाई सांगतात म्हणून. त्यांचं बरोबर आहे का, हे डीएनए वाचल्यावर कळेल. त्यासाठीच तर अर्ज केलाय."

सिंधुबाईंनी काय चाललंय ते प्रतिभाला विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "बघा बघा. माझं चुकलं तर मला कळवा."

मग वाटपाचे नियम काय ठेवणार, असा प्रश्न आला. प्रतिभा पडद्यावर काही दाखवणार होती, पण सिंधुबाईंना तो प्रश्न आपल्यालाच वाटला. "मागंल त्याला द्यायचं," त्या म्हणाल्या. "पिकलं की त्यानं पायलीला सव्वा पायली परत करायचं. नाय पिकलं तर पुन्ना न्यायचं. आन् कुणाकडून आनलं ते सांगायचं. लपवायचं नाय. आमच्यात असंच हाय पहिल्यापासून."

प्रतिभाने ते हिंदीत सांगितलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पुन्हा सांगा." तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी लॅपटॉपवाल्या गृहस्थांना थांबवून ते स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतलं. सहा वर्षांच्या पायपिटीचं चीज होताना मी डोळ्यांनी बघत होतो. मला भरून आलं. टाळ्या वाजवाव्यात म्हणून मी हाताची घडी सोडली, तर प्रतिभा पटकन म्हणाली, "अहो, तिथेच थांबा."

निघताना बाईंनी एकच त्रुटी काढली. अर्जात जोखमीचं पान जोडलेलं नाही. नमुन्यांना कोणाकोणापासून धोका आहे, ते तीव्रतेच्या क्रमाने आठ दिवसांत कळवा. मी लगेच म्हणालो, "ते पान मी..." पण प्रतिभाने ते त्याच संध्याकाळी, खोलीचं दार आतून लावून, एकटीने भरलं.

गेल्या सोमवारी मंजुरीचं पत्र आलं. प्रतिभाने ते वाचलं, आधी सिंधुबाईंना पुंजाच्या फोनवर कळवलं, आणि मग हसत हसत माझ्या हातात दिलं. मी सवयीप्रमाणे अभिनंदनाच्या ओळी सोडून थेट अटींवर गेलो. तिने कळवलेल्या तीन जोखमी तिथे क्रमाने छापलेल्या होत्या : एक, मुख्य संशोधकाचे पती. दोन, दमट हवा. तीन, उंदीर.

पहिल्या जोखमीसाठी दोन कुलपांचं लोखंडी कपाट मंजूर झालं आहे, आणि त्याची एकही किल्ली घरी नेऊ नये अशी सक्त अट आहे. दुसरीसाठी हवा कोरडी ठेवणारं यंत्र मंजूर आहे. उंदरांसाठी मात्र काहीच मंजूर झालेलं नाही. त्यांच्यापासून तुलनेने विशेष धोका दिसत नाही, असा शेरा आहे.